सांगितलेलं पाणी

नकाशातला निळा रंग मी भरला. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी हिवाळे सरांबद्दल कितीही चांगलं लिहिलं, तरी ते अंगावरचं पाप झटकायला लिहिलंय का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला स्वतःला ते अजून ठरवता आलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जालन्यातल्या आमच्या कॉलेजात संगणक आले, तेव्हा त्यांचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. खिडक्यांना जाड पडदे, खाली गालिचा, भिंतीत एसी, दारात फोडलेला नारळ आणि पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात.' प्राचार्यांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा होता, पण संगणकांना गरम होऊ द्यायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मी औरंगाबादला जाऊन कोर्स केला होता. जुन्या जालन्यात सासरचं कापडाचं दुकान, तिथे दिवसभर पोरींना परकराची कापडं दाखवत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी संगणक कक्षात सहायक लागले. त्या थंडगार खोलीची मी मालकीणच झाले होते म्हणा ना.

पहिल्याच आठवड्यात भूगोलाचे हिवाळे सर दारात उभे राहिले. उंच, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी शिसपेन्सिल आणि खांद्याला कापडी झोळी. झोळीतून गालिच्यावर पाण्याचे थेंब पडत होते. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, चपला काढायच्या म्हंजे आत विहीर हाय का काय?"

"विहीर कशाला असेल सर? कंप्युटर आहे."

"न्हाई, मी आजवर विहिरीपाशीच चपला काढत आलो. म्हणून इच्यारलं."

त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन ती ओली झोळी नेमकी माझ्या टेबलावर ठेवली. मी चरफडले. झोळीत गाठी मारलेली लांबलचक दोरी होती आणि तिच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन लावून सोडतात, तो ओळंबा. हा त्यांच्या वडिलांचा होता. त्या दिवसापासून सर मला कंप्युटर मॅडम म्हणायला लागले, आणि मी त्यांच्यासाठी दाराशी एक जुनं पायपुसणं घालून ठेवायला लागले.

हिवाळे सर विहिरी मोजत. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात काही वाढत नव्हतं. दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी ते घनसावंगीकडची बस धरत, नाहीतर माणसं कोंबलेल्या जीपमध्ये मागे लटकत, आणि वीसेक गावांतल्या ठरलेल्या विहिरी मोजून येत. पद्धत ठरलेली. काठापासून पाच हातांवर चपला काढायच्या. ओळंबा हळूहळू सोडायचा. पाण्याला टेकला की खालून 'डुब्' असा आवाज यायचा, तेव्हा क्षणभर थांबायचं. मग तळ लागेपर्यंत सोडायचा आणि वर ओढून ओल्या दोरीच्या गाठी मोजायच्या. मोजून होईपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत, चहाही घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "चहा पोटात गेला की माणूस गाठ जास्तीची मोजतो."

त्यांच्या वहीच्या पानावर दोन रकाने असत. पहिला 'सांगितलेलं', दुसरा 'पाहिलेलं'. आधी विहिरीच्या मालकाला विचारायचं, पाणी किती? तो सांगेल ते पहिल्या रकान्यात. मग दोरी सोडायची, दिसेल ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही आकडे जपायचे, एकही खोडायचा नाही. मी एकदा म्हटलं, "सर, मोजलेलं हातात असताना सांगितलेलं कशाला लिहायचं? कागद जातो फुकट."

"मॅडम, दुसऱ्या रकान्यात विहीर दिसती. पहिल्यात गाव दिसतंय."

पाणी सगळे परसात सांगत. परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केले की होते तेवढी उंची. पण माणसं काही सारख्या उंचीची नसतात, आणि इथे सरांचा खरा वात्रटपणा सुरू व्हायचा. सांगणाऱ्याला ते भिंतीला टेकवून उभं करत, हात वर करायला लावत आणि दोरीनं त्यालाच मोजत. एका गावात बुटके, गोल सरपंच होते. त्यांनी ऐटीत सांगितलं, "पाच परस!" सरांनी त्यांना शाळेच्या भिंतीला उभं केलं. टोपीचं टोक धरायचं की बोटाचं, यावर हुज्जत झाली. शेवटी सर गंभीरपणे म्हणाले, "सरपंच, तुमचे पाच म्हंजे गावाचे चार व्हतेत." पोरं आठवडाभर हसत होती. सरपंचही हसले, आणि पुढच्या वेळेस आपणहून चार म्हणाले.

पण एक गोष्ट सांगताना सर हसत नसत. त्यांच्या वह्यांत दरवर्षी फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुसऱ्या रकान्यातला आकडा उतरत जाई आणि नेमका तेव्हाच पहिल्या रकान्यातला चढत जाई. विहीर आटत चाललेली असायची आणि मालक मात्र जास्तीचं पाणी सांगायचा. कारण ते लग्नसराईचे दिवस. मुलीकडचे पाव्हणे आले की पोराचं शिक्षण मागून विचारतात, आधी विचारतात विहिरीला पाणी किती. ज्याच्या घरात पोरगं लग्नाचं, त्याच्या विहिरीला त्या दिवसांत दोन परस तरी पाणी वाढायचं. शेजारीही मोडता घालायचे नाहीत. उद्या त्यांच्याही घरी पाव्हणे यायचे असत.

"खोटारडे न्हाईत हो लोक," सर म्हणायचे. "पोराच्या लग्नात कोण आपल्या घराला कमी सांगंल? तुम्ही सांगसाल का? फक्त ऐकणाऱ्यानं ध्यानात ठिवावं, बास."

सरांचं स्वतःचं गाव शेवगव्हाण. मी त्यांच्याबरोबर तिथे पहिल्यांदा गेले ती उगाच, कॉलेजची सहल निघाली होती आणि जीपमध्ये एक जागा रिकामी होती. गावात कारभारी मामांची मोठी विहीर. कारभारी मामा म्हणजे गावातलं जुनं, जमीनजुमल्याचं घर, धोतर, पांढऱ्या मिशा. ती विहीर आतून घडीव दगडानं बांधलेली, आणि बांधणारे सरांचे वडील. सर हे सगळं रिक्षाचं भाडं सांगावं तशा आवाजात सांगत होते. वडील चार महिने आत उतरून दगड बसवत होते. पाणी लागलं, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना काठापासून लांब उभं राहायला सांगितलं. आपल्या हातानं बांधलेल्या विहिरीवर तहान लागली तरी कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. त्या वर्षी वडिलांनी वस्तीतली माणसं जमवली आणि ओढ्याच्या कडेला वस्तीची विहीर खणली. छप्पन सालानंतर वस्ती बौद्ध झाली, गावातले नियमही हळूहळू सैल पडले, पण वस्तीनं पाणी आपल्याच विहिरीचं प्यायलं. सरांच्या आठवणीत ती एकदाही आटली नव्हती.

"मी पहिल्या टायमाला मामाच्या विहिरीवर दोरी घेऊन गेल्तो ना," सर म्हणाले, "तवा मामा काठावर उभे व्हते. म्हणले, मास्तर, आत उतरता का काय? मी म्हणलं, न्हाई मामा, दोरीच सोडतो. उतरला व्हता माझा बाप."

"मग?"

"मंग काय. मी दोरी सोडली. मोजून झालं तर मामानं घरातून कपबशी मागवली. स्वतः धरून दिली."

एवढं सांगून सर पुढच्या विहिरीचा हिशेब लावायला लागले.

शेवटी आम्ही वस्तीच्या विहिरीवर गेलो. तिथे त्यांची आई, सगळे तिला माय म्हणत, काठाजवळच्या दगडावर बसून होती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. सरांनी दोरी सोडली, 'डुब्' झालं, आणि वर ओढलेली ओली दोरी त्यांनी आईच्या हातात दिली. तिने ती टोकापासून चाचपत नेली, जिथे कोरडी लागली तिथे थांबली, मग ओलं टोक दोन्ही गालांना लावलं.

"गार हाय," ती म्हणाली. "तुझा बाप हाय बघ आत."

या एका विहिरीचा पहिला रकाना सर कोरा ठेवत. तिथे विचारायचं कुणाला? मायच्या हातात दोरी दिली की झालं.

मग ते प्रकरण आलं. परदेशातल्या एका विद्यापीठाचं आमच्या विद्यापीठाशी जुळलं. कल्पना मोठी होती आणि, खोटं कशाला बोलू, चांगलीच होती. चार-पाच गरीब देशांत कॉलेजच्या पोरांनी गावोगावच्या पाण्याची माहिती गोळा करायची, संगणकात भरायची, ती इंटरनेटवरून समुद्रापलीकडे जायची, तिथे नकाशे तयार व्हायचे आणि ते परत गावात यायचे. गावात एक माहिती केंद्र उघडायचं, म्हणजे शेतकऱ्याला कळेल की आपल्या भागात पाणी किती, पीक कुठलं घ्यावं. आमच्या जिल्ह्यातलं माहिती केंद्र शेवगव्हाणला द्यायचं ठरलं, कारण तिथे टेलिफोनची तार पोचली होती.

सर विरोधात होते असं कुणाला वाटेल. उलट सगळ्या कॉलेजात तेच जास्त हरखले होते. "माझ्या वह्यांला वाळवी लागून राह्यलीय मॅडम. तिकडं जाऊन कोणाच्या तरी कामी पडतील." रोज माझ्या खोलीत यायचे, चपला काढायचे, पडद्यासमोर बसायचे. एकदा तर वाकून बघत म्हणाले, "हे बराबर हाय. हितं पण खाली काय हाय ते दिसत न्हाई, दोरीच सोडावी लागती."

समुद्रापलीकडून माहितीचा छापील तक्ता आला. त्यात पाण्याला एकच रकाना होता. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला. दुसरा रकाना कुठे आहे, हे विचारायला मी त्यांच्या वतीने पत्र पाठवलं. उत्तर नम्र आलं. सगळ्या देशांसाठी तक्ता एकच आहे, एका ठिकाणासाठी बदलता येत नाही.

"मंग पाहिलेलंच लिहायचं," सर म्हणाले. "पोरांला दोऱ्या देतो."

पण प्रकल्पाचं काम टाकळकर सरांकडे होतं. टाकळकर तसे वाईट माणूस नव्हते. घाईचे होते. परदेशी पाहुण्यांच्या येण्याची तारीख ठरली होती, आणि हिवाळे सरांना विद्यापीठाच्या परीक्षेवर दुसऱ्या तालुक्याला जावं लागलं. टाकळकरांनी पोरांना जीपमध्ये भरलं आणि तीन दिवसांत सगळी गावं उरकली. दोऱ्या कपाटातच राहिल्या. पोरांनी दारोदार जाऊन पाणी किती ते विचारलं आणि लोकांनी सांगितलं. महिना चैत्राचा होता.

सर परतले तेव्हा तक्त्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर होते. उभ्या उभ्या त्यांनी दहा-बारा वाचले आणि मग खुर्ची असताना खाली गालिच्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली.

"मॅडम, ही लग्नाची पाणी हायेत."

मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. "हे भरू नका. जे कोणी पाह्यलं न्हाई ते रिकामं ठिवा. रिकामं चालंल. खोटं निळं न्हाई चालायचं. लोक जमिनीला भोकं पाडतील." मग झोळीतून त्यांनी शेवगव्हाणची वही काढली. वीस वर्षांची पाहिलेली पाणी तीत होती. ती वही त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. "निदान माझं गाव तरी खरं भरा."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून हो म्हटलं.

संध्याकाळी टाकळकर आले. रिकाम्या जागा नकाशात करड्या दिसत होत्या. "अर्धा जिल्हा करडा? पाहुण्यांना हे दाखवायचं? असू द्या मॅडम, आता जे आहे ते भरा, दुरुस्ती मागाहून करता येते. यात काय एवढं?" शेवगव्हाणच्या वहीतले आकडे गाठींत आणि परसांत होते, ते मीटरमध्ये करायला मला दोन दिवस तरी लागले असते. मला कुणी धमकावलं नाही. मी कंटाळले होते, घरी पाहुणे होते, आणि दुरुस्ती मागाहून करता येते हे मलाही पटलं. वही मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तक्त्यांवरचे आकडे भरले.

नकाशा आला तो कॉलेजच्या हॉलमध्ये भिंतभर लावला. घनसावंगीकडचा सगळा पट्टा निळा. आणि त्यात सर्वात गडद ठिपका शेवगव्हाणचा, कारण त्या वर्षी गावात सात लग्नं होती. हिवाळे सर नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला एवढंच म्हणाले, "माझं गाव निळं केलं तुम्ही, मॅडम." वही त्यांनी मागितली नाही. ती परत द्यायचं धाडस मला झालं नाही.

पाहुण्यांत अ‍ॅना नावाच्या एक संशोधक बाई होत्या. फोटो, हार, भाषणं झाली आणि सर झोळीतली दुसरी वही घेऊन थेट त्यांच्यापुढे गेले. मी भाषांतर केलं. दोन रकाने, लग्नसराई, परस, सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो काढला आणि म्हणाल्या, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही, पुढच्या वेळी दुसरा रकाना नक्की घालू. शब्द त्यांनी पाळला. दोन वर्षांनी पत्र आलं की तक्त्यात दुसरा रकाना घातलाय आणि दुसऱ्या एका देशात त्याचा फार उपयोग झालाय. तोवर आमचा प्रकल्प संपला होता. पत्र वाचून सर म्हणाले, "चला. तिकडच्या लोकांचं तरी भलं झालं." आणि खरोखर त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. मला तो माणूस त्या क्षणी समजला नाही.

पण ते पुढचं. त्याआधीच नकाशा काचेत मढवून शेवगव्हाणच्या माहिती केंद्रात लागला होता, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहिल्याच पावसाळ्यानंतर गावात मोसंबीची रोपं उतरली. मोसंबीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात आणि तेवढे सगळे उन्हाळे तिला पाणी द्यावं लागतं. सर मला म्हणाले, "चला माझ्यासंगं. नकाशा उतरवून आणू. तुम्ही सांगितलं तर ऐकतील, तुम्ही कंप्युटरच्या हायेत."

आम्ही गेलो तेव्हा कारभारी मामांच्या शेतात बोअर पाडायची गाडी उभी होती. उंच लोखंडी सांगाडा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पांढरी धूळ. आजूबाजूच्या बाभळी पीठ शिंपडल्यासारख्या दिसत होत्या. मामांचा मुलगा दत्ता, ज्याचं त्या चैत्रात लग्न झालं होतं, तो तोंडाला रुमाल बांधून उत्साहात उभा होता. नवी सून लांब झाडाखाली. मामा बाजेवर.

सर मामांजवळ जाऊन खाली बसले. "मामा, त्या पोरांला तुम्ही पाणी किती सांगितलं व्हतं?"

"चार परस."

"अन् व्हतं किती?"

मामा मिशांवरची धूळ पुसत राहिले. "दीड. दत्ताचे पाव्हणे बसले व्हते ना हो ओसरीवर. दीड कसं सांगावं?"

"मंग मामा, तुमचंच चार तिकडं गेलं अन् निळं हून परत आलं. त्यात दुसरं कायबी न्हाई. बंद करा हे. वस्तीची विहीर हितून हाकंच्या अंतरावर हाय."

मामांनी सरांकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी नव्हती. कीव होती, थोडी. "मास्तर, मी खोटं सांगितलं, कबूल. पर कंप्युटरला माझं खोटं कसं लागंल? ते काय माझ्यावर इसंबून राह्यलं असंल का? त्यानं वरून पाह्यलं असंल. इमानातून. इतक्या लांबची शिकलेली माणसं, सात समिंदराच्या पल्याडची. माझ्या विहिरीला दीडच हाय, पर त्याच्या खाली असंलच की. त्याशिवाय निळं कसं दाखविलं?"

मी म्हटलं, "मामा, ते मीच भरलंय. तुमच्या तोंडचा आकडा बघून मीच भरलाय."

मामा हसले. "तुम्ही भरलं असंल, बाई. पर त्यानं पास केलं ना?"

तेवढ्यात गाडीचा आवाज बदलला. सांगाड्याखालून पाणी उसळलं आणि गढूळ चिखल सगळ्यांच्या अंगावर आला. दत्ता नाचायला लागला. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, म्हणलं नव्हतं?" सर उठले, अंगावरचा चिखल न पुसता वस्तीच्या विहिरीकडे गेले आणि दोरी सोडून बसले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "कायबी न्हाई. पाणी हाय आज." पण दोरी त्यांनी लवकर वर ओढली नाही.

त्या वर्षी गावात अकरा बोअर झाले, पुढच्या वर्षी किती झाले ते मोजणंच सरांनी सोडलं. नकाशा भिंतीवरून उतरला नाही. नंतरचे दोन पावसाळे नुसते शिंतडून गेले. दर महिन्याला सर माझ्या खोलीत डोकावत, पण आता आत येत नसत. दाराशीच, चपला पायात ठेवून सांगत, "मॅडम, डुब् उशिरा आला." किंवा, "मामाची विहीर गेली." मी आकडा विचारला की सांगत नसत. एका पावसाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात टाकळकरांनी त्यांना घड्याळ दिलं आणि जिल्ह्यातल्या माहिती-क्रांतीचे साक्षीदार असं काहीतरी म्हटलं. दुसऱ्याच आठवड्यात सर शेवगव्हाणला मायजवळ राहायला गेले.

वर्ष-दोन वर्षांनी संगणक बदलायचे म्हणून मी ड्रॉवर रिकामे केले, तेव्हा ती वही निघाली. दुसऱ्या दिवशी मी घनसावंगीची बस धरली.

वैशाख होता. शेवगव्हाणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा होत्या, म्हणजे तोडलेली झाडं बांधाला रचून ठेवली होती. दत्ता दिसला नाही. तो जालन्याला एमआयडीसीत कामाला गेल्याचं कळलं. मामा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी हाक मारली नाही. बोअरच्या पाइपांची तोंडं कुणीतरी दगडांनी झाकली होती.

सर वस्तीच्या विहिरीवर होते. चपला पाच हातांवर काढून ठेवलेल्या. माय तिच्या दगडावर बसली होती, पहिल्यापेक्षा निम्मी झालेली. मला बघून सरांनी ओठांवर बोट ठेवलं. ते ओळंबा सोडत होते. दोरी सरकत गेली, सरकतच गेली, आणि मग खालून आवाज आला. 'डुब्' नव्हे. लोखंड दगडावर लागल्याचा तो आवाज होता.

"किती हाय रं?" मायनं विचारलं.

"थांब, मोजतो."

त्यांनी कोरडी दोरी वर ओढली. मग उठून अनवाणी घरापर्यंत गेले. दाराशी टँकरच्या पाण्याचा निळा ड्रम होता. त्यात त्यांनी दोरी टोकापासून गाठी मोजत मोजत बुडवली, पिळून नव्हे, निथळू देऊन बाहेर काढली आणि परत येऊन आईच्या हातात दिली. मायनं दोरी चाचपत नेली. कोरडी लागली तिथे थांबली. ओलं टोक गालाला लावलं.

"गार न्हाई रं," ती म्हणाली. "ऊन लागून राह्यलंय."

"वरचं पाणी हाय माय. उन्हानं तापलं."

"हां," माय म्हणाली. "पर हाय ना?"

"हाय की. दोन परस हाय."

तिने दोरी सोडली नाही, मांडीवर घेऊन बसली. मी वही पुढे केली. सरांनी ती ओळखली, उघडली, वस्तीच्या विहिरीचं पान काढलं. वीस वर्षांचा पहिला रकाना कोरा होता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून खाली नवी ओळ आखली. पहिल्या रकान्यात लिहिलं, दोन परस. दुसऱ्यात शून्य. मग वही झोळीत टाकली आणि म्हणाले, "चला मॅडम, तुमची गाडी चुकंल."